बाळाचं वरचं दूध आणि पितळी पातेलं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पितळी भांड्यांवर आपण अर्धं पान लेख छापलात. फोटो सुरेख होते. चिंचेनं घासलेलं घंगाळ, बंब, मठारलेलं पातेलं बघून मला आमचं माजघर आठवलं. लेखाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते लेखाच्या तळाशी दिलेल्या टिपांच्या चौकटीशी, त्यातही तिसऱ्या टिपेशी. तान्ह्या बाळाचं वरचं दूध कल्हई, म्हणजे आतून कथलाचा थर, नसलेल्या पितळी पातेल्यात तापवावं, म्हणजे पितळेतल्या तांब्याचा अंश दुधात उतरतो आणि बाळाचं यकृत बळकट होतं, असं त्यात लिहिलंय.

यातला निम्मा भाग खरा आहे. तांबं दुधात उतरतं. पण त्यानं यकृत बळकट होत नाही. एकेकाळी आपल्याकडे मुलं मेली ती याच दुधानं, असं पुण्यातच झालेल्या संशोधनातून पुढे आलं होतं. ते पुण्याच्याच वाचकाला ठाऊक नसावं याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लांबलचक पत्र. काटछाट करायची तर माझ्या आठवणींची करा, आजाराच्या माहितीची करू नका.

ही चौकट मी आधी कागदावर वाचली नाही, मोबाइलवर वाचली. माझ्या भाचीनं पाठवली. तिची मुलगी तीन महिन्यांची आहे आणि तिला वरचं दूध सुरू करावं लागलंय. खाली तिचा प्रश्न होता : "मावशी, घेऊ का गं एक? शुद्ध पितळ आहे, कल्हईची कटकट नाही म्हणतायत." मी तिला लगेच फोन लावला. तिनं उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी १९७८ ते २०१४ अशी छत्तीस वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयात विकृतिशास्त्र विभागात तंत्रज्ञ होते. डॉक्टर नाही. शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. तो मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, रंगवायचे आणि काच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. निदान त्यांचं. पण रोज शंभर काचा रंगवणाऱ्या बाईचे डोळे अगदीच कोरे राहत नाहीत.

नोकरीला लागायच्या खूप आधी हा आजार मी घरात पाहिला होता. आमचं गाव फलटण तालुक्यात. १९६४ साली माझ्या पाठीवर आठ वर्षांनी भाऊ झाला. घरात केवढा आनंद! दुसऱ्या महिन्यात आईला विषमज्वर झाला आणि तिचं दूध आटलं. दावणीला म्हैस होती, त्यामुळे दुधाची चिंता कुणी केली नाही. आजी धारोष्ण दूध पितळी पातेल्यात ओतायची आणि चुलीच्या वैलावर ठेवून द्यायची. मंद आचेवर ते दिवसभर तिथंच असायचं. बाळाला भूक लागली की त्यातलंच पळीभर काढायचं, पाणी घालायचं आणि बोंडल्यानं पाजायचं. पातेलं आजी चिंच आणि राखेनं असं घासायची की आत तोंड दिसावं. वर्षातून एकदा कल्हईवाला येई, पण तोवर कल्हई कधीच घासून गेलेली असे. आतून पातेलं पिवळं लख्ख. स्वच्छतेत आजी कुठे कमी पडली असं मला आजही म्हणता येत नाही.

बाळ वर्षाचा होईपर्यंत गुटगुटीत होता. मग किरकिर सुरू झाली. खाणं सुटलं, हातापायाच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र पुढे येत गेलं. फलटणच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटांनी चाचपून पेनानं एक निळी रेघ ओढली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुसरी रेघ पहिलीच्या दोन बोटं खाली आली होती. "लिव्हर झालंय," ते म्हणाले. आमच्याकडे तसंच म्हणत, ताप झालाय तसं लिव्हर झालंय. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून वडिलांनी मद्रासहून लिव्हरच्या औषधाच्या बाटल्या मागवल्या. कुणीतरी पोटावर बिब्बा घालायला सांगितलं, तोही घातला. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. तो गेला तेव्हा दीड वर्षाचा होता.

पलीकडच्या आळीत एका घरी याच दुखण्यानं पाठोपाठचे दोन मुलगे गेले होते. त्या घराला शाप आहे, असं गाव म्हणायचं. गरिबीचा आजार म्हणावा तर ते घर खाऊनपिऊन सुखी, दुभत्याचं. ज्यांच्याकडे मातीची गाडगी आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी होती, त्यांची मुलं कुपोषणानं, हगवणीनं दगावायची. पण 'लिव्हर' आमच्यासारख्यांच्या घरी, जिथं मांडणीवर पितळ चमकायचं. हा धागा तेव्हा कुणाला दिसला नाही. मला तर दिसणंच शक्य नव्हतं.

या आजाराला वैद्यकात 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असं नाव आहे. म्हणजे भारतीय बालकांमधला यकृत कठीण होण्याचा आजार. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याचं वर्णन केलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं कारण सापडलं नाही. विषाणू, कुपोषण, बुरशीचं विष, आनुवंशिकता असे सगळे संशयित उभे करून झाले.

सुगावा लागला तो एका रंगामुळे, आणि इथे मला थोडं माझ्या धंद्याचं बोलू द्या. ऑरसीन नावाचा एक तपकिरी रंग आहे. तो मुळात दगडफुलाच्या जातकुळीपासून मिळतो. हो, गोड्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाचे हे नातलग. जपानमधल्या शिकाता यांनी १९७४ साली यकृताच्या कापातला हिपॅटायटिस बी ओळखण्यासाठी ऑरसीन वापरायची एक पद्धत काढली. काप आधी पोटॅशियम परमँगनेटमध्ये ठेवायचा, मग ऑरसीनमध्ये. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या पोर्टमन, टॅनर, मोवाट आणि विल्यम्स यांनी भारतीय मुलांच्या यकृताचे काप या पद्धतीनं रंगवले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण खच्चून भरलेले दिसले. ते हिपॅटायटिसचे नव्हते. तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते.

मी नोकरीला लागले ते नेमकं त्याच वर्षी. पुढे कधीतरी आमच्याकडेही मुलांच्या यकृताचे तुकडे ऑरसीननं रंगवायला यायला लागले. मेंगिनीच्या सुईनं, म्हणजे यकृताचा नमुना घ्यायच्या पोकळ सुईनं, काढलेला तुकडा तो, शेवयाच्या तुकड्याएवढा. पहिल्यांदा अशी काच मी भिंगाखाली धरली तेव्हा मला वाटलं रंग जास्त झाला, आपलंच चुकलं. पुन्हा रंगवली. तशीच. प्रत्येक पेशीत मिरपूड भुरभुरल्यासारखे कण आणि पेशींच्या भोवती तंतूंचं जाळं. निरोगी यकृत वाळवून मोजलं तर एका ग्रॅममध्ये साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते हजाराच्या वर जायचं. मोजणी आमच्याकडे होत नसे, ते यंत्रच नव्हतं. वाळवलेला तुकडा बाहेर पाठवायचा. पण पाठवायची काचेची बाटलीसुद्धा आधी आम्लानं धुवावी लागे, कारण साध्या नळाच्या पाण्यातलं तांबं काचेला चिकटलं असलं तरी आकडा बिघडतो. त्या बाटल्या धुताना मी कितीदा तरी आजीच्या पातेल्याला राख चोळत होते असं आता वाटतं. तेव्हा मात्र मनातही आलं नाही.

मनात आलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या कामाविषयी ऐकलं तेव्हा. डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे तिथं या मुलांवर उपचार करत होते. त्यांच्याबरोबर ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर, ज्यांचं नाव वर किंग्जच्या यादीत आलंय तेच. त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. आयांना विचारलं, मुलाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि कोणत्या भांड्यात तापवता, कोणत्या भांड्यात ठेवता. आजारी मुलांच्या घरी बाळाला लवकर, पहिल्या काही महिन्यांतच गाईम्हशीचं दूध मिळालं होतं आणि ते पितळी भांड्यात तापवलं, साठवलं जात होतं. १९८३ साली हे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९८७ साली आजारी मुलांची आणि त्यांच्या जोडीच्या निरोगी मुलांची तुलना आली, तीही याच दिशेनं बोट दाखवणारी. १९८९ मध्ये ओनील आणि टॅनर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की पितळी भांड्यातलं दूध तांबं भराभर ओढून घेतं आणि ते दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बसतं.

इथं वाचकांनी जरा थांबावं. आपल्या आज्यांना पितळेचा धोका ठाऊक नव्हता असं नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं, आमटी ठेवली, की ती कळकते. हिरवट होते, जिभेला लागते, पोटात ढवळतं. म्हणून आंबट पदार्थ पितळेत ठेवायचा नाही, हा नियम कुठल्याही घरात लेकीसुनांना शिकवावा लागत नसे. पण दूध आमच्याकडे कळकलेलं कुणी पाहिलं नाही. रंग तोच, चव तीच. तांबं दिसायला, जिभेला लागायला सुटं राहतच नाही, ते केसीनला धरून मुकाट पोटात जातं. ताकानं जी सूचना दिली असती ती दुधानं दिली नाही.

मग तेच दूध आम्ही सगळे प्यायलो, मी प्यायले, वडील प्यायले. आम्हाला का नाही काही झालं? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळत होता आणि त्याचं उत्तर पित्तात आहे. पित्त म्हटलं की आपल्याला आंबट ढेकर आठवतो, ते पित्त नव्हे. यकृत जे हिरवट-पिवळं पित्त तयार करतं, मोठ्या माणसात दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, ते. एक तर ते स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतं. आणि दुसरं, ज्याची आपण कधी दखल घेत नाही, ते शरीराचं एक मोठं गटार आहे. आतड्यातून शोषलेलं तांबं थेट यकृतात येतं. शरीराला तांबं थोडं लागतंच. गरजेपुरतं यकृत वापरतं आणि उरलेलं पित्तातून बाहेर टाकतं. लघवीतून जातं ते नगण्य. पित्तातले क्षार आतड्याच्या शेवटी बहुतांश परत शोषले जातात, घरचं भांडं घरी परत यावं तसे. तांबं मात्र परत येत नाही, शौचावाटे निघून जातं.

तान्ह्या बाळाचं हे गटार अजून नीट वाहत नसतं. पित्ताचा प्रवाह मंद, पित्तक्षार कमी. शिवाय बाळ आईच्या पोटातूनच यकृतात तांब्याचा मोठा साठा घेऊन जन्माला येतं आणि पहिल्या काही महिन्यांत तो हळूहळू उतरतो. आईच्या दुधात तांबं अगदी बेताचं असतं, त्यामुळे हे सगळं सुरळीत होतं. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरून रोज तांब्याचा मारा झाला तर? भरलेल्या हौदात नळ सोडून द्यायचा आणि मोरी तुंबलेली. वडिलांच्या यकृतानं जे सहज बाहेर टाकलं, ते बाळाच्या यकृतात साचत गेलं. साचलेलं तांबं पेशी मारतं, मेलेल्या पेशींच्या जागी तंतू येतात, तंतूंनी पित्ताच्या वाटा आवळल्या की उरलंसुरलं तांबंही बाहेर पडायचं थांबतं. कावीळ दिसते ती शेवटी.

याच तर्कानं औषधही सापडलं. विल्सनचा आजार म्हणून एक जन्मजात विकार आहे, त्यात तांबं पित्तात ढकलणारा पंपच बिघडलेला असतो. त्यासाठी जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामिन आणलं होतं. ते तांब्याला पकडून लघवीवाटे काढतं, म्हणजे मोरी तुंबली तर खिडकीतून पाणी उपसावं तसं. पुण्याच्या चमूनं ते या मुलांना दिलं. काविळीपर्यंत पोचलेली मुलं बहुतेक वाचली नाहीत. पण लवकर आलेल्यांपैकी कित्येक वाचली, आणि १९९६ साली त्यांचा पुढच्या वर्षांचा हिशेब छापून आला. काहींचं यकृत जवळजवळ पूर्ववत झालेलं. विल्सनच्या रुग्णाला औषध जन्मभर घ्यावं लागतं, या मुलांचं औषध थांबवता आलं आणि आजार परत आला नाही.

सगळ्यांना हे पटलं असं नाही, आणि तेही सांगितलं पाहिजे. तांबं हे कारण की परिणाम, हा वाद झाला. यकृताच्या इतर आजारांतही पित्त अडलं की तांबं साचतंच; मग इथं तांब्यानं यकृत बिघडवलं की बिघडलेल्या यकृतानं तांबं साठवलं? डॉ. एन. सी. नायक यांच्यासारख्या जाणत्या विकृतिशास्त्रज्ञांनी हा आक्षेप शेवटपर्यंत लावून धरला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तीन गावांत नळाच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तरी तिथली लहान मुलं यकृताच्या आजारानं मेली नव्हती, असं १९९४ मध्ये शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी दाखवलं. म्हणजे तांब्याबरोबर बाळाच्या घडणीतही काहीतरी असावं, रक्तातच एखादा कच्चा दुवा. पलीकडच्या आळीतले ते दोन भाऊ मला इथं आठवतात.

पण मग ऑस्ट्रियाची गोष्ट ऐका. टायरोल हा तिकडचा डोंगराळ, दुभत्याचा मुलूख. तिथं १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अगदी अशाच आजारानं गेली. 'लॅन्सेट'मध्ये १९९६ साली म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध लावला तेव्हा काय निघालं? गाईचं दूध, बिनकल्हईचं तांब्याचं भांडं आणि बाटलीनं दूध पिणारं बाळ. भांडी बदलली आणि आजार संपला. तिथंही नात्यागोत्यात वारंवार आढळल्यामुळे आनुवंशिक दुवा असणार असं ते म्हणतात. पण तो दुवा काही कुणी बदलला नव्हता. बदललं ते फक्त भांडं. म्हणून वाद कितीही खरा असला तरी भाचीला द्यायचं उत्तर त्यानं बदलत नाही.

आपल्याकडेही तसंच झालं. नव्वदच्या दशकात अशा काचा माझ्या टेबलावर येईनाशा झाल्या. एक दिवस लक्षात आलं की ऑरसीनची बाटली वर्षभर उघडलीच नाही. श्रेय संशोधनाला आहेच, ज्यांनी घराघरांत जाऊन आयांना सांगितलं त्यांनाही आहे. पण मला वाटतं त्याहून मोठा वाटा बोहारणीचा असावा. जुन्या साड्या द्या, स्टीलचं पातेलं घ्या. पितळ मोडीत गेलं, स्टील आलं, कारण ते घासायला सोपं आणि दिसायला नवं. बोहारणीला 'लॅन्सेट' ठाऊक नव्हतं, आणि तिनं किती मुलं वाचवली हे तिला कुणी सांगितलंही नाही.

आमच्या घरी ते पातेलं मोडीत गेलं नाही. आईनं माळ्यावर ठेवलं होतं. दर दिवाळीला उतरवून घासायची. मला कारण कळलं तेव्हा आई साठीची होती. एकदा ती माझ्याकडे आलेली असताना रात्री म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात येतात का गं लिव्हरची मुलं?" मी म्हटलं, "येतात कधीकधी." मग बराच वेळ गेला. "बाळाला काय झालं असेल? म्हशीचं दूध जड पडलं असेल का?" मी म्हटलं, "जड पडलं असेल." छत्तीस वर्षांत जाणूनबुजून खोटा रिपोर्ट मी तो एकच दिला. तिला सांगून काय करायचं होतं? आजीनं मायेनं ज्यात दूध तापवलं, आईनं आजारातून उठल्यावर ज्यातलं स्वतःच्या हातानं पाजलं, ते पातेलं अजून तिच्याच हातांनी घासलं जात होतं. आई २००३ साली गेली. आता लिहायला हरकत नाही.

मी पितळेच्या विरोधात नाही. तांबटांच्या हाताला काम मिळतंय, घरात पुन्हा जाडजूड भांडी येतायत, हे मला आवडतं. पण पितळेबरोबर कल्हई येते, हे विसरून चालणार नाही. लहानपणी कल्हईवाला आला की आम्ही मुलं भात्याभोवती कोंडाळं करायचो. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला की पिवळं भांडं आतून चांदीसारखं. तो नुसता चकाकीचा खेळ नव्हता. तो थर अन्न आणि तांबं यांच्यामधली भिंत होता. आज विकणारेच 'कल्हईची गरज नाही' असं गुण म्हणून सांगतात आणि आपली चौकट तर 'कल्हई नसलेलं'च घ्या म्हणते. मोठ्यांनी कल्हई केलेलं पितळ खुशाल वापरावं. तान्ह्या बाळाचं दूध मात्र स्टीलमध्ये. कल्हई करूनही नको, कारण ती कधी झिजली हे धावपळीच्या घरात कोण बघणार? बाळाला तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही नको. आणि शक्य असेल तोवर आईचं दूध.

भाचीशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथंही सांगते. पित्ताचा विषय निघालाच आहे. बाळाच्या शीला पिवळा-हिरवा रंग येतो तो पित्तामुळे. शी पांढुरकी, खडूसारखी किंवा भिजवलेल्या मातीसारखी व्हायला लागली आणि बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, तर पित्त आतड्यात पोचत नसावं. जन्मतः पित्तनलिका बंद असण्याचा एक आजार आहे. त्यावर जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आहे, पण ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते. 'बघू, उन्हात ठेवू' म्हणण्यात दिवस जातात. लंगोट बदलणाऱ्या आज्यांना हे ठाऊक असायला हवं. रंग त्याच बघतात.

माझी विनंती एवढीच आहे की खुलासा छापावा. तोही 'वाचकांचे पत्र' या सदरात कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत छापा, कारण लोक लेख वाचत नाहीत, चौकट कापून मोबाइलवर पाठवतात. चौकटीचा मजकूर मी लिहून सोबत जोडला आहे, साधारण तेवढ्याच शब्दांत बसतो. कुण्या बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. फोटो हवा असेल तर आमचं पातेलं पाठवते. फक्त छायाचित्रकाराला सांगा, बाहेरून घेऊ नका, वरून घ्या. आतलं पितळ दिसलं पाहिजे.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे. घरच्या माणसांचा उल्लेख असल्यानं तो छापू नये.)